कॅमेरा सगळ्यांवर, फुटेज कुणाला?

डिसेंबर २०२५ मध्ये मुंबईत मायक्रोसॉफ्टचे प्रमुख सत्या नडेला आणि मुख्यमंत्री देवेंद्र फडणवीस एका मंचावर आले. नागपुरातल्या २३ पोलीस ठाण्यांत वापरून पाहिलेली 'महाक्राइमओएस' ही एआय प्रणाली राज्यातल्या सगळ्या ११०० पोलीस ठाण्यांत नेण्याची घोषणा झाली. तपास अधिकाऱ्याला कागदपत्रं वाचून देणारी, तपासाची दिशा सुचवणारी, कायद्याची कलमं समोर ठेवणारी ही प्रणाली आहे म्हणे. त्याच्या आधी, मार्च २०२४ मध्ये, राज्य सरकारने पोलिसांसाठी 'मार्वल' नावाची एआय कंपनीही काढली होती. तेव्हापासून अधूनमधून 'एआयने पकडला गुन्हेगार' छापाच्या बातम्या येतच असतात.

या बातम्या वाचताना मी एक गोष्ट शोधत असतो आणि ती कधी मिळत नाही. यंत्र चुकलं तर काय? ज्याच्याबाबत चुकलं, त्याला ते कळणार कसं? कंपनी काय म्हणाली, मंत्री काय म्हणाले, किती तासांत छडा लागला, सगळं असतं. हे एवढं मात्र नसतं.

आधी जे चांगलं आहे ते चांगलंच म्हणू. ऑगस्ट २०२५ मध्ये, राखी पौर्णिमेच्या दिवशी, नागपूर–जबलपूर महामार्गावर एका ट्रकने मोटरसायकलला धडक दिली आणि एक महिला गेली. कुणी थांबेना, म्हणून नवऱ्याने तिचा मृतदेह मोटरसायकलला बांधून नेला. तो व्हिडिओ देशभर फिरला. त्याच्याकडे माहिती एवढीच होती, की ट्रक मोठा होता आणि त्यावर लाल खुणा होत्या. पोलिसांनी टोल नाक्यांवरचं फुटेज एआयमधून काढलं आणि दीड दिवसात ट्रक शोधला. माणसांनी बसून पाहिलं असतं तर कितीतरी दिवस गेले असते. याला नावं ठेवायचं कारण नाही.

पण ट्रक आणि माणूस यांत फरक आहे. ट्रकला नंबर प्लेट असते, टोलची पावती असते, कुठून निघाला आणि किती वाजता कुठे होता हे पुन्हा तपासता येतं. चुकीचा ट्रक अडवला तर दोन तासांनी सोडून देता येतो. माणसाच्या चेहऱ्याला नंबर प्लेट नसते. तिथे यंत्र सांगतं, की हा चेहरा त्या चेहऱ्याशी इतका इतका जुळतो. बस्स, एवढंच. पुढचं सगळं समोरचा पोलीस ठरवतो.

दिल्लीची गोष्ट बघा. तिथल्या पोलिसांना चेहरा ओळखणारं सॉफ्टवेअर मिळालं ते हरवलेली मुलं शोधण्याच्या नावाखाली, दिल्ली हायकोर्टातल्या एका प्रकरणातून. त्याला कोण विरोध करणार? मात्र २०१९ मध्ये त्याच कोर्टात सांगावं लागलं, की जुळणी एक टक्क्याचीही नाही आणि हे सॉफ्टवेअर मुलगा-मुलगी यांतही गल्लत करतं. त्याच वर्षी डिसेंबरात नागरिकत्व कायद्याविरोधात लोक रस्त्यावर आले, आणि मुलं शोधणारं यंत्र आंदोलनांतल्या गर्दीचे चेहरे तपासायला लागल्याच्या बातम्या आल्या.

मग फेब्रुवारी २०२० ची दंगल. ११ मार्च २०२० ला गृहमंत्री अमित शहांनी लोकसभेत सांगितलं, की मतदार ओळखपत्रं आणि वाहन परवान्यांचा डेटा या सॉफ्टवेअरमध्ये टाकून ११०० हून जास्त लोक ओळखले आहेत. आक्षेप घेणाऱ्यांना त्यांचं उत्तर होतं, की सॉफ्टवेअर धर्म बघत नाही, कपडे बघत नाही, फक्त चेहरा बघतं. वाक्य ऐकायला बिनतोड आहे. पण कॅमेरे कुठल्या वस्तीत लावायचे, कुठलं फुटेज यंत्रात घालायचं, कुठलं बाजूला ठेवायचं आणि जुळलेल्या नावांपैकी कुणाच्या दारात जायचं, हे सॉफ्टवेअर ठरवत नाही. त्या दंगलीच्या खटल्यांचे निकाल पुढे लागत गेले तेव्हा मोठ्या संख्येने आरोपी सुटले. काही ठिकाणी तर न्यायाधीशांनी साक्षीदार पोलिसांवरच शंका घेतली. एवढी अचूक ओळख पटली होती तर असं का झालं, हा प्रश्न लोकसभेतलं ते भाषण ठळक छापणाऱ्यांनी पुन्हा विचारला नाही.

२०२२ मध्ये इंटरनेट फ्रीडम फाउंडेशन या संस्थेने माहिती अधिकारात विचारल्यावर दिल्ली पोलिसांनी कळवलं, की ८० टक्क्यांहून जास्त साम्य आलं तर ते जुळणी मानतात. आता ८० टक्के म्हटलं की आपल्याला परीक्षेतले मार्क आठवतात. फर्स्ट क्लास! पण हे मार्क नाहीत. 'हाच तो माणूस असण्याची शक्यता ८० टक्के' असाही त्याचा अर्थ नाही. दोन फोटोंतल्या मोजमापांचा तो गुण आहे. भाऊ-भाऊ, चुलत भाऊ, एकाच वयाचे दोन दाढीवाले तरुण, अंधुक फुटेज, वरून तिरका लावलेला कॅमेरा... गुण सहज चढतो.

आणि समजा, यंत्र फार चांगलं आहे, हजारात एकदाच चुकतं. एखाद्या उरुसाला किंवा मोठ्या स्टेशनवर दिवसभरात एक लाख लोक गेले. त्यांत खरोखर हवे असलेले १० जण होते आणि यंत्राने दहाच्या दहा पकडले. बाकीच्या लाखात हजारी एक म्हणजे १०० जण चुकून सापडले. पोलिसांच्या स्क्रीनवर ११० घंट्या वाजल्या, त्यांतल्या १०० बेकसूर माणसांच्या. बातमी मात्र येणार, 'एआयने १० फरार आरोपी पकडले'. खोटी नसेलच ती. त्या १०० जणांपैकी कुणाला नुसतं विचारून सोडलं, कुणाला ठाण्यात बसवलं, कुणाच्या घरी सकाळी सहाला गाडी गेली, याची बातमी होत नाही.

अमेरिकेत डेट्रॉइटजवळ जानेवारी २०२० मध्ये रॉबर्ट विल्यम्स या कृष्णवर्णीय माणसाला अशाच चुकीच्या जुळणीवरून घरासमोर, बायको आणि मुलींच्या देखत अटक झाली. तो कोर्टात गेला. २०२४ मध्ये शहराने भरपाई दिली आणि फक्त यंत्राच्या जुळणीवरून अटक करायची नाही असा नियम पोलिसांनी मान्य केला. हे होऊ शकलं, कारण चौकशीत त्याला कळलं की आपल्याला पकडवून देणारं यंत्र होतं. आपल्याकडे आरोपपत्रात 'गुप्त बातमीदाराकडून माहिती मिळाली' एवढं वाक्य पुरतं. त्या बातमीदाराला कान आणि तोंड होतं की सर्व्हर, कुणी विचारायचं?

तेलंगणात मेदकमधला एक मजूर होता. जानेवारी २०२३ मध्ये सोनसाखळी चोरीच्या तपासात, सीसीटीव्हीतल्या माणसासारखा दिसतो म्हणून पोलिसांनी त्याला उचललं. काही दिवसांनी सोडलं. तो दवाखान्यात गेला, पोलिसांनी कसं मारलं ते त्याने व्हिडिओत सांगितलं आणि फेब्रुवारीत तो वारला. मुसलमान होता, गरीब होता. तिथे कुठलं सॉफ्टवेअर नसेलही, साध्या डोळ्यांनी साम्य पाहिलं असेल. मुद्दा तोच आहे. 'सारखा दिसतो' या दोन शब्दांवर ठाण्याच्या आत काय काय होऊ शकतं, ते या प्रकरणात दिसलं. उद्या तेच दोन शब्द यंत्र बोलेल, टक्केवारीसकट. आणि टक्केवारी दिसली की माणसाला शंका घ्यायचं धैर्य राहत नाही, मग तो पोलीस असो की न्यायाधीश.

इथे काही वाचक म्हणतील, 'ज्याने काही केलं नाही त्याला कशाची भीती? उलट कॅमेराच त्याला वाचवेल.' मोहल्ल्यात हे मी कितीदा ऐकलंय. खरंही असतं ते, जर फुटेज दोन्ही बाजूंना मिळत असतं तर.

११ जुलै २००६ च्या मुंबई लोकल स्फोटांचा खटला आठवा. १८० हून जास्त माणसं गेली, त्या घरांचं दुःख कुठल्याही निकालाने कमी होणारं नाही. २०१५ मध्ये विशेष न्यायालयाने पाच जणांना फाशी आणि सात जणांना जन्मठेप सुनावली. २१ जुलै २०२५ ला मुंबई हायकोर्टाने बाराही जणांना निर्दोष ठरवलं. १९ वर्षं गेली, एक जण तर निकालाआधी तुरुंगातच वारला. (सुप्रीम कोर्टाने तीन दिवसांनी त्या निकालाचा इतर खटल्यांत दाखला द्यायला स्थगिती दिली. सुटलेल्यांना परत आत पाठवलं नाही.) या खटल्यात फोनच्या नोंदी, म्हणजे सीडीआर, तपासात पोलिसांकडे होत्या. पण खटल्यात पुरावा म्हणून त्या पुढे आल्या नाहीत. आरोपी म्हणत होते, आणा त्या नोंदी, आम्ही कुठे होतो ते त्यातून दिसेल. त्या मिळवायला बचाव पक्षाला हायकोर्टापर्यंत भांडावं लागलं. या नोंदी पुढे न आणणं, त्या नष्ट होणं, यावर हायकोर्टाने निकालात कडक शब्दांत बोट ठेवलं.

म्हणजे नोंद घेणारं तंत्रज्ञान २००६ मध्येही होतं. ते कुणाच्या कामी आलं?

आता कॅमेऱ्यांची दुसरी बाजू. २ डिसेंबर २०२० ला परमवीर सिंग सैनी प्रकरणात सुप्रीम कोर्टाने आदेश दिला, की देशातल्या प्रत्येक पोलीस ठाण्यात, कोठडीत, व्हरांड्यात, आत-बाहेरच्या दारावर कॅमेरे हवेत, आवाजही रेकॉर्ड व्हायला हवा आणि रेकॉर्डिंग १८ महिने, निदान एक वर्ष तरी जपायला हवं. पाच वर्षं झाली. सप्टेंबर २०२५ मध्ये राजस्थानातल्या कोठडीतल्या ११ मृत्यूंची बातमी वाचून सुप्रीम कोर्टाला स्वतःहून पुन्हा विचारावं लागलं, की ते कॅमेरे चालू का नाहीत. चौकातला कॅमेरा बंद पडला तर दुरुस्तीचं टेंडर निघतं. ठाण्यातला बंद पडला तर? तांत्रिक बिघाड.

परभणीचं प्रकरण तर आपल्याच राज्यातलं. डिसेंबर २०२४ मध्ये कायद्याचा विद्यार्थी सोमनाथ सूर्यवंशी न्यायालयीन कोठडीत वारला. मुख्यमंत्र्यांनी सभागृहात सांगितलं, की सीसीटीव्ही फुटेजमध्ये मारहाण दिसत नाही. शवविच्छेदनाच्या प्राथमिक अहवालात मात्र शरीरावर अनेक जखमा आणि त्यांच्या धक्क्याने मृत्यू असं होतं. जुलै २०२५ मध्ये हायकोर्टाच्या औरंगाबाद खंडपीठाने पोलिसांवर गुन्हा नोंदवायला सांगितलं, राज्य सरकार त्याविरुद्ध सुप्रीम कोर्टात गेलं आणि तिथेही हरलं. दलित घरातला मुलगा होता. 'हा मुसलमानांचा प्रश्न आहे' असं समजणाऱ्यांनी (आपल्यातलेही आणि बाहेरचेही) हे लक्षात ठेवलेलं बरं.

मग कायदा काय म्हणतो? २०१७ मध्ये नऊ न्यायाधीशांनी खासगीपणा हा मूलभूत हक्क मानला आणि सरकारला त्यात हात घालायचा तर कायदा हवा, गरज हवी आणि प्रमाण हवं असं सांगितलं. चेहरा ओळखण्याबद्दल स्वतंत्र कायदा आजही नाही. हैदराबादचे कार्यकर्ते एस. क्यू. मसूद यांना २०२१ मध्ये लॉकडाऊनमध्ये पोलिसांनी रस्त्यात अडवलं, मास्क काढायला सांगितलं, त्यांनी नकार दिला तरी फोटो काढला. नेमक्या कुठल्या कायद्याने, हे विचारायला ते हायकोर्टात गेले आणि जानेवारी २०२२ मध्ये कोर्टाने सरकारला नोटीस काढली. २०२३ चा डेटा संरक्षण कायदा आला खरा, पण गुन्ह्याच्या तपासाला त्यातल्या बहुतेक अटींतून सूट आहे, आणि केंद्राला हव्या त्या सरकारी यंत्रणेला पूर्ण बाहेर ठेवता येतं. दुकानदाराने तुमचा नंबर विकला तर कायदा आहे. पोलिसांच्या यंत्राने तुमचा चेहरा ठेवून घेतला तर तो हात वर करतो.

तरी हातात काहीच नाही असं नाही. एक निकाल आपल्या जालन्याच्या निवडणूक वादातून आलाय, अर्जुन खोतकर विरुद्ध कैलास गोरंट्याल, जुलै २०२०. तो गाजला इलेक्ट्रॉनिक पुराव्याच्या प्रमाणपत्रासाठी. पण त्यातच सुप्रीम कोर्टाने मोबाइल कंपन्यांना सांगितलं, की तपासात एखादी नोंद जप्त झाली असेल तर त्या काळातल्या नोंदी वेगळ्या आणि सुरक्षित ठेवा, म्हणजे बचाव पक्षाला नंतर मागवता येतील. किती वकील पहिल्याच तारखेला असा अर्ज करतात? घरचे लोक जामिनाच्या मागे धावत असतात, तेही साहजिक आहे. पण जामीन सहा महिन्यांनी मागितला तरी मागता येतो, फुटेज सहा महिन्यांनी मागितलं तर मिळत नाही.

आणि हे आपल्या स्वतःच्या कॅमेऱ्यांनाही लागू आहे. आमच्या भागात मशिदीच्या दारावर, मदरशात, किराणा दुकानांवर आपणच वर्गणी काढून कॅमेरे लावलेत. मागे मी कमिटीतल्या एका चाचांना विचारलं, रेकॉर्डिंग किती दिवस राहतं? ते म्हणाले, "राहतं की, मशीनमध्येच आहे सगळं." लावणाऱ्या पोराला फोन केला तर म्हणाला, हार्डडिस्क लहान आहे, पंधरा दिवसांनी जुन्यावर नवीन चढतं. पासवर्ड कुणाकडे, तर त्या पोराकडेच. पोलीस डीव्हीआर न्यायला आले तर पंचनाम्याची प्रत मागायची, आधी आपल्याकडे एक कॉपी काढून ठेवायची, तारीख-वेळ बरोबर आहे का बघायचं, आणि ती कॉपी कोर्टात चालायची असेल तर भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ चं प्रमाणपत्र लागतं, यातलं काहीच कुणाला ठाऊक नव्हतं. डीव्हीआरवरचं घड्याळ पाहिलं. ते चाळीस मिनिटं मागे होतं.

एखाद्या मुलाचा बचावच असा असेल, की मगरिबला तो मशिदीत होता, तर ती चाळीस मिनिटं कुणाला समजावून सांगणार? पुढच्या जुम्याला नमाजनंतर त्या पोराला बोलावलंय. घड्याळ लावून घ्यायचं आणि मोठी हार्डडिस्क टाकायची आहे.