विश्लेषण : कुस्ती नुरा, मरण मात्र खरे! व्यावसायिक मल्ल अकाली का जातात?

हल्क होगनचे २४ जुलै २०२५ रोजी फ्लोरिडात हृदयविकाराने निधन झाले. वय ७१. पाठ, गुडघे, कंबर मिळून दोन डझनांच्या आसपास शस्त्रक्रिया झालेला हा माणूस अखेरच्या वर्षांत काठीच्या आधाराने चालत असे. तरीही त्याच्या व्यवसायाच्या हिशेबात तो दीर्घायुषीच म्हणायचा. भारतात १९९०च्या दशकात केबल टीव्हीवर ‘डब्ल्यूडब्ल्यूएफ’ पाहणाऱ्या आणि मधल्या सुट्टीत मल्लांच्या उंची-वजनाची ट्रम्प कार्डे खेळणाऱ्या पिढीला पुढची नावे पाठ असतील. योकोझुना आणि ओवेन हार्ट ३४व्या वर्षी गेले. ब्रिटिश बुलडॉग ३९व्या, रिक रूड ४०व्या, बिग बॉस मॅन ४१व्या, तर मिस्टर परफेक्ट ४४व्या वर्षी. एडी गरेरो गेला तेव्हा ३८ वर्षांचा होता. ज्या कुस्तीचा निकाल आधीच ठरलेला असतो, जिला आपल्याकडे सरळ ‘नुरा कुस्ती’ म्हणतात, ती खेळणारे इतक्या लवकर का मरतात?

हा केवळ योगायोग नाही का?

प्रसिद्ध माणसांचे मृत्यू लक्षात राहतात, त्यामुळे नावांच्या यादीवरून निष्कर्ष काढणे धोक्याचे. पण आकडेही तेच सांगतात. ‘यूएसए टुडे’ या अमेरिकी दैनिकाने २००४ मध्ये केलेल्या पाहणीत १९९७ पासून जगभरच्या व्यावसायिक कुस्तीत काम केलेले ४५ किंवा त्याहून कमी वयाचे सुमारे एक हजार मल्ल विचारात घेतले होते. त्यातले किमान ६५ त्या सात वर्षांत मरण पावले होते आणि २५ जणांच्या मृत्यूचे कारण हृदयाशी संबंधित होते. पुढे २०१४ मध्ये ईस्टर्न मिशिगन विद्यापीठातील संशोधकांनी ‘प्लॉस वन’ या नियतकालिकात १९८५ ते २०११ दरम्यान सक्रिय असलेल्या ५५७ मल्लांचा अभ्यास प्रसिद्ध केला. ४५ ते ५४ या वयोगटातील मल्लांचा मृत्युदर त्याच वयाच्या सामान्य अमेरिकी पुरुषांच्या २.९ पट निघाला. हृदयविकार आणि औषधांचा अतिरेक ही दोन कारणे ठळक होती.

निकाल ठरलेला असतो, मग इजा खरी कशी?

रिंग म्हणजे गादी नव्हे. पोलादी चौकटीवर लाकडी फळ्या, त्यावर फोमचा पातळ थर आणि वर ताणून बसवलेले कॅनव्हास. मल्ल प्रशिक्षणात पहिली गोष्ट शिकतो ती पडायची : हनुवटी छातीला टेकवायची, पाठ सपाट ठेवायची, दोन्ही हात जमिनीवर आपटायचे, म्हणजे आघात एका जागी न बसता पसरतो. पसरतो, नाहीसा होत नाही. शंभर-सव्वाशे किलोचा माणूस एका लढतीत असा दहा-वीस वेळा पडतो आणि दुसऱ्या दिवशी दुसऱ्या गावात पुन्हा पडतो. मणक्यांतल्या चकत्या, गुडघे, खांदे यांना पटकथा कळत नाही.

समोरचा प्रतिस्पर्धी इथे खरे तर जोडीदार असतो. त्याच्या हातात आपली मान दिलेली असते. तांबड्या मातीतला मल्ल पाठ टेकू नये म्हणून जिवाचे रान करतो, इथला मल्ल स्वतःहून पाठ टेकवतो. जोडीदाराचा अंदाज काही इंचांनी चुकला तरी पुरते. १९९७च्या ‘समरस्लॅम’मध्ये ओवेन हार्टच्या डावात ‘स्टोन कोल्ड’ स्टीव्ह ऑस्टिनचे डोके रिंगवर आदळले आणि काही क्षण त्याला हातपाय हलवता आले नाहीत. त्याची कारकीर्द त्या मानेमुळेच लवकर आटोपली. जपानचा मित्सुहारू मिसावा जून २००९ मध्ये हिरोशिमात पाठीवर आपटण्याच्या, आयुष्यात हजारो वेळा झेललेल्या डावात मानेच्या मज्जारज्जूला इजा होऊन ४६व्या वर्षी गेला. मार्च २०१५ मध्ये मेक्सिकोतील तिहुआना येथे पेरो अग्वायो ज्युनियर ३५व्या वर्षी रिंगच्या दोरांवरच निपचित पडला. तो अभिनय करतो आहे असे समजून लढत काही वेळ सुरूच राहिली.

ओवेन हार्टचा मृत्यू तर कुस्तीत झालेलाच नाही. २३ मे १९९९ रोजी कॅन्सस सिटीत छतावरून दोराने रिंगमध्ये उतरताना हूक सुटला आणि तो ७०हून अधिक फूट खाली कोसळला. त्याला रुग्णालयात नेले आणि कार्यक्रम पुढे चालू ठेवण्यात आला. कुटुंबाला पुढे १ कोटी ८० लाख डॉलरची भरपाई मिळाली. पण कार्यक्रम थांबवला नाही, ही गोष्ट त्या उद्योगाबद्दल बरेच काही सांगते.

मग बहुतेक मृत्यू हॉटेलच्या खोल्यांत का झाले?

रिंगमधले मृत्यू तुलनेने थोडेच आहेत. ब्रायन पिलमन १९९७ मध्ये ३५व्या वर्षी मिनेसोटातील हॉटेलात मृतावस्थेत सापडला, योकोझुना २००० साली लिव्हरपूलच्या हॉटेलात, एडी गरेरो २००५ मध्ये मिनिआपोलिसच्या हॉटेलात. यामागे एक दिनक्रम आहे. १९८० आणि ९०च्या दशकांत आघाडीचे मल्ल वर्षाला तीनशेच्या आसपास रात्री काम करत. रात्री अकराला लढत संपवायची, भाड्याच्या मोटारीतून दोन-तीनशे किलोमीटर दूरचे पुढचे शहर गाठायचे, पहाटे झोपायचे, दुपारी व्यायामशाळेत जायचे. क्रिकेट, फुटबॉल, टेनिस या सर्वांना हंगाम संपल्यावर विश्रांती असते. व्यावसायिक कुस्तीला हंगामच नाही. आठवड्यामागून आठवडे टीव्हीवर दिसायचे, दिसले नाही तर कथानकातून नाव गळणार आणि नाव गळले की उत्पन्नही.

मग वेदनाशामक गोळ्या येतात. दुखणे बरे होण्याची वाट पाहायला वेळ नसतो, म्हणून ते दाबायचे. स्नायू सैल करणारे औषध, झोपेची गोळी आणि सोबत दारू. यातले प्रत्येक द्रव्य श्वसन मंदावते. एकत्र घेतली की झोपेतच श्वास थांबू शकतो. ‘टेस्ट’ या नावाने खेळणारा अँड्र्यू मार्टिन २००९ मध्ये ३३व्या वर्षी ऑक्सिकोडोनच्या अतिसेवनाने गेला.

दुसरा धागा स्टेरॉइडचा. होगनच्या यशानंतर पिळदार, अवाढव्य शरीर ही या व्यवसायात शिरण्याची पात्रता बनली. असे शरीर वर्षातले तीनशे दिवस प्रवासात राहून केवळ दूध-बदामावर टिकत नाही. स्टेरॉइडमुळे दंडाचे स्नायू वाढतात, तसा हृदयाचा स्नायूही जाड होतो. रक्तदाब वाढतो, चांगले कोलेस्टेरॉल घटते, धमन्या लवकर अरुंद होतात. पेन्सिल्व्हेनियातील डॉ. जॉर्ज झाहोरियन यांना मल्लांना स्टेरॉइड पुरवल्याप्रकरणी १९९१ मध्ये दोषी ठरवण्यात आले. कंपनीचे मालक व्हिन्स मॅकमेहन यांच्यावर १९९४ मध्ये खटला चालला. होगनने साक्षीत स्वतः स्टेरॉइड घेतल्याचे मान्य केले, पण मॅकमेहन निर्दोष सुटले.

गरेरोचे उदाहरण अधिक अस्वस्थ करणारे आहे. व्यसने सोडून त्याला चार वर्षे झाली होती. पण शवविच्छेदनात धमन्यांचा विकार आढळला. आधीच्या वर्षांत झालेली हानी व्यसन सोडल्याने भरून येत नाही.

आधीच्या पिढीचे काय?

मुंबईत वरळीच्या वल्लभभाई पटेल स्टेडियममध्ये १९५० आणि ६०च्या दशकांत दारा सिंग आणि किंगकाँग यांच्या ‘फ्री स्टाइल’ कुस्त्यांना तोबा गर्दी होत असे. त्या कुस्त्या नुरा असल्याची कुजबुज तेव्हाही होतीच. दारा सिंग २०१२ मध्ये ८३व्या वर्षी गेले. १९६८ मध्ये ज्याला हरवून ते विश्वविजेते ठरले, तो अमेरिकी लू थेझ ८६ वर्षे जगला. दोन उदाहरणांनी सिद्ध काहीच होत नाही, पण नुसते आपटणे-पडणे हे अकाली मृत्यूचे पुरेसे कारण नाही, असा अंदाज त्यावरून बांधता येतो.

अवाढव्य उंचीच्या मल्लांचा प्रश्न मात्र वेगळा आहे. आंद्रे द जायंट १९९३ मध्ये पॅरिसमध्ये ४६व्या वर्षी गेला. पीयूष ग्रंथीतून वाढीचे संप्रेरक अतिरिक्त स्रवल्याने होणाऱ्या ॲक्रोमेगलीचा तो रुग्ण होता. हिमाचल प्रदेशातील दलिपसिंग राणा म्हणजेच ‘द ग्रेट खली’ याच्यावर २०१२ मध्ये अमेरिकेत पीयूष ग्रंथीतील गाठीची शस्त्रक्रिया झाली. इथे आजारच तिकिटावर विकला जात होता, हे प्रेक्षकांच्या गावीही नव्हते.

बेन्वा प्रकरणाने काय उघड केले?

जून २००७ मध्ये ४० वर्षांच्या ख्रिस बेन्वाने जॉर्जियातील घरी पत्नी आणि सात वर्षांच्या मुलाचा खून करून आत्महत्या केली. माजी मल्ल ख्रिस नोविन्स्की यांच्या संस्थेमार्फत त्याच्या मेंदूची तपासणी झाली. डॉ. ज्युलियन बेल्स यांच्या मते तो ८५ वर्षांच्या अल्झायमर रुग्णाच्या मेंदूसारखा दिसत होता. वारंवारच्या आघातांनी होणाऱ्या ‘सीटीई’ या मेंदूविकाराची खूण त्यात होती. बेन्वा वरच्या दोरावरून डोके पुढे करून झेप घ्यायचा, खुर्चीचे घाव डोक्यावर झेलायचा. कंपनीने या निष्कर्षांवर आक्षेप घेतला. मेंदूच्या अशा हानीने दोन खुनांचे स्पष्टीकरण मिळते असे म्हणणेही उतावळेपणाचे ठरेल. पण तोवर गुडघे आणि हृदयापुरती असलेली चर्चा त्यानंतर डोक्यापर्यंत पोहोचली.

दुसरी बाब औषध चाचणीची. गरेरोच्या मृत्यूनंतर कंपनीने २००६ मध्ये ‘वेलनेस’ कार्यक्रम सुरू केला होता. अमेरिकी काँग्रेसच्या समितीने चौकशी केली तेव्हा कळले, की आधी सूचना देऊनही पहिल्या वर्षात चाचणी झालेल्यांपैकी ४० टक्के मल्ल दोषी आढळले. वैद्यकीय कारण दाखवून टेस्टोस्टेरॉन घेण्याची सवलत काहींना होतीच. ऑगस्ट २००७ मध्ये ऑनलाइन औषधविक्रीच्या तपासातून नावे बाहेर आली आणि कंपनीला दहा मल्लांना निलंबित करावे लागले. जी नावे कंपनीच्या चाचणीने पकडायला हवी होती, ती पोलीस तपासाने पकडली.

कंपनीवर जबाबदारी का येत नाही?

खरी मेख इथे आहे. १९८९ मध्ये याच कंपनीने न्यू जर्सीच्या कायदेमंडळापुढे मान्य केले, की आपली कुस्ती हा खेळ नसून मनोरंजन आहे. हा प्रामाणिकपणा अचानक सुचलेला नव्हता. खेळ म्हटले की राज्याच्या क्रीडा आयोगाची देखरेख आणि कर आले, ते टाळायचे होते. बरे, मनोरंजन म्हणावे तर हॉलीवूडच्या कलाकारांना जशी बलाढ्य संघटना आहे, तशी मल्लांना नाही. आणि नोकरी म्हणावी तर करारात ते ‘स्वतंत्र कंत्राटदार’. रिंगमधल्या दुखापतीची शस्त्रक्रिया कंपनी करून देते, पण आरोग्य विमा आणि निवृत्तीची तरतूद ज्याची त्याने पाहायची. कोणासाठी, कधी, कुठे, कोणत्या नावाने आणि कसे हरायचे हे सारे कंपनी ठरवते. तरी माणूस ‘स्वतंत्र’! आपल्याकडे डिलिव्हरी करणाऱ्या मुलांना ‘पार्टनर’ म्हणतात, त्याच जातीचा हा शब्दखेळ.

संघटनेचा प्रयत्न झाला नाही असे नाही. १९८६ मध्ये जेसी व्हेंच्युराने तो केला. पुढे हाच व्हेंच्युरा मिनेसोटाचा गव्हर्नर झाला. त्या बैठकीची बातमी मॅकमेहन यांच्यापर्यंत पोहोचवणारा हल्क होगन होता, हे काही वर्षांनी एका खटल्यातील जबानीतून समोर आले. होगनवरच्या श्रद्धांजलीपर लेखांत ही गोष्ट ठळकपणे यायला हवी होती. सर्वाधिक कमावणाऱ्या मल्लाला संघटना नको होती आणि त्याच्या पाठिंब्याविना ती उभी राहणे अशक्य होते.

न्यायालयातही फारसे हाती लागले नाही. पन्नासहून अधिक माजी मल्लांनी २०१६ मध्ये मेंदूच्या इजांबद्दल दावा केला. कनेक्टिकटमधील न्यायालयाने २०१८ मध्ये तो फेटाळला. बहुतांश दावे मुदतीबाहेरचे ठरले. वरच्या न्यायालयांतही निकाल बदलला नाही. दावेदारांपैकी जिमी स्नुका आणि मिस्टर फुजी यांच्या मेंदूत मृत्यूनंतर सीटीई आढळला. हा विकार निश्चितपणे मृत्यूनंतरच कळतो, आणि दाव्याची मुदत तर जिवंतपणीच संपते.

आता परिस्थिती सुधारली आहे का?

बरीच सुधारली आहे, हे मान्य करायला हवे. डोक्यावर खुर्ची मारण्यावर २०१० पासून बंदी आहे. डोक्याला मार बसला की तपासणीशिवाय परत उतरता येत नाही. डॅनियल ब्रायनसारख्या लोकप्रिय मल्लाला याच कारणाने दोन वर्षे बाहेर बसवले गेले. कधीकाळी करारावर असलेल्या कोणाचाही व्यसनमुक्ती उपचारांचा खर्च कंपनी २००७ पासून उचलते. करोनानंतर टीव्हीवर न दाखवल्या जाणाऱ्या गावोगावच्या लढतीही कमी झाल्या आहेत. ऑगस्ट २०२३ मध्ये ब्रे वायट ३६व्या वर्षी हृदयविकाराने गेला, तेव्हा करोनाने त्याच्या हृदयाचा आधीचा त्रास बळावल्याचे सांगण्यात आले. म्हणजे प्रत्येक मृत्यू जुन्या साच्यात कोंबता येणार नाही.

पण या साऱ्या सुधारणा कंपनीने स्वतःच्या मर्जीने केलेल्या आहेत. चाचणीचे नियम तिचे, शिक्षा तिची, सवलतीही तिच्याच. ‘रॉ’ हा साप्ताहिक कार्यक्रम जानेवारी २०२५ पासून नेटफ्लिक्सवर आला तो दहा वर्षांच्या, पाच अब्ज डॉलरहून मोठ्या करारावर. भारतातही त्याच वर्षीच्या एप्रिलपासून तो तिथेच दिसू लागला. या रकमेतून निवृत्त मल्लांचा आरोग्य विमा आणि वर्षातून दोन महिन्यांची सक्तीची विश्रांती सहज बसते. त्रयस्थ संस्थेकडून चाचणीचा खर्च तर किरकोळ.

मोठ्या कंपनीच्या बाहेर तर हेही नाही. छोट्या सभागृहांत, शाळांच्या व्यायामशाळांत रात्रीला तुटपुंज्या मानधनावर खेळणाऱ्यांची ना चाचणी होते, ना रिंगजवळ डॉक्टर असतो. २००१ मध्ये कॅलिफोर्नियातील अशाच एका प्रशिक्षण केंद्रात ब्रायन ऑंग हा शिकाऊ मल्ल सरावात डोक्याला मार लागून मरण पावला. त्याला आधी एकदा मेंदूला मार बसलेला असतानाही पुन्हा रिंगमध्ये उतरवले होते. त्या सरावात त्याला उचलून आपटणारा दुसरा शिकाऊ मल्ल म्हणजे पुढे खली झालेला दलिपसिंग राणा. २००५ मध्ये ज्युरीने प्रशिक्षण केंद्राला दोषी धरून ऑंगच्या कुटुंबाला १३ लाख डॉलरहून अधिक भरपाई देण्यास सांगितले. खलीने नंतर जालंधरला स्वतःची अकादमी काढली. देशभरातून तरुण मुले-मुली तिथे पडायला शिकायला येतात.