ई-20, 95 की 100 ऑक्टेन? लांबच्या राइडला निघताना पेट्रोल आणि सामानाचं गणित कसं मांडायचं?

लडाखची राइड ठरली की बायकर्सच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर पहिला वाद पेट्रोलवरून होतो. 'साधं टाकू नका, इंजिन जाईल', 'घाटात 100 ऑक्टेनशिवाय पिकअप मिळत नाही', 'ई-20 ने ॲव्हरेज पडलं'. मागच्या सीटवर किती किलो सामान बांधलंय, याची चर्चा मात्र फारशी होत नाही.

2025 मध्ये देशात पेट्रोलमध्ये 20 टक्के इथेनॉल मिसळण्याचं उद्दिष्ट गाठलं गेलं आणि हा वाद आणखी पेटला. ई-20 सोबत इथेनॉल नसलेल्या पेट्रोलचाही पर्याय मिळावा, ही मागणी सुप्रीम कोर्टापर्यंत गेली. 1 सप्टेंबर 2025 रोजी कोर्टाने ती याचिका फेटाळली.

या सगळ्या गोंधळात दोन वेगळे प्रश्न एकत्र झाले आहेत. पेट्रोलचा ऑक्टेन किती, हा एक. त्यात इथेनॉल किती, हा दुसरा.

ऑक्टेन म्हणजे ताकद नव्हे

सिलेंडरमध्ये पेट्रोल आणि हवेचं मिश्रण दाबलं जातं आणि स्पार्क प्लगच्या ठिणगीने पेटतं. कधी कधी दाब आणि उष्णतेमुळे त्याचा काही भाग आपोआप, नको त्या क्षणी पेट घेतो. तेव्हा इंजिनमधून टकटक आवाज येतो. यालाच नॉकिंग म्हणतात. ते सतत होत राहिलं तर पिस्टनचं नुकसान होतं.

हे नॉकिंग रोखण्याची पेट्रोलची क्षमता म्हणजे ऑक्टेन. आकडा मोठा म्हणजे पेट्रोलमध्ये ऊर्जा जास्त, असं नाही.

कोणत्या बाइकला किती ऑक्टेन लागतो, हे मुख्यतः इंजिनच्या कॉम्प्रेशन रेशोवर ठरतं. रॉयल एनफिल्डच्या जुन्या हिमालयन 411 चा रेशो 9.5:1 होता, नव्या हिमालयन 450 चा 11.5:1 आहे. नाव एकच, पण इंजिनची गरज वेगळी. म्हणून मित्राचा सल्ला घेण्याआधी मॅन्युअलमध्ये दिलेला किमान आकडा बघा. त्याहून जास्त ऑक्टेनसाठी दिलेल्या पैशांचा बहुतेक बाइक्सना खास फायदा होत नाही.

मग ई-20 मुळे काय बदललं?

इथेनॉलचा स्वतःचा ऑक्टेन जास्त असतो. पेट्रोलियम मंत्रालयाने ऑगस्ट 2025 मध्ये दिलेल्या माहितीनुसार, बीएस-6 पेट्रोलसाठी 91 ऑक्टेन आवश्यक आहे आणि 20 टक्के इथेनॉलमुळे तो 95 पर्यंत जातो. हे खरं धरलं, तर फक्त '95' या आकड्यासाठी प्रीमियम पेट्रोल घेण्याचं कारण उरत नाही. त्यातल्या इंजिन साफ ठेवणाऱ्या ॲडिटिव्हसाठी घेत असाल, तर गोष्ट वेगळी.

पण इथेनॉलमध्ये ऊर्जा पेट्रोलपेक्षा साधारण एक तृतीयांश कमी असते. नीती आयोगाच्या 2021 च्या अहवालात ई-20 मुळे जुन्या दुचाकींचं मायलेज 3 ते 4 टक्के घटेल, असा अंदाज होता. म्हणजे टाकी फुल केल्यावर 450 किलोमीटर जाणारी बाइक साधारण 430 ते 435 किलोमीटर जाईल. रोज ऑफिसला जाताना हे जाणवणार नाही. मनाली-लेह रस्त्यावर टांडीच्या पंपावर 'पुढचा पंप 365 किलोमीटरवर' हा प्रसिद्ध फलक दिसतो, तेव्हा जाणवतं. त्यात चढ, खालचे गिअर आणि सामानाचं वजन यामुळे ॲव्हरेज आणखी पडतं.

एप्रिल 2023 पूर्वीची बाइक असेल, तर निघण्याआधी पेट्रोलचा पाइप आणि रबरी सील तपासून घ्या. इथेनॉल ओलावा शोषतं, त्यामुळे पावसाळाभर टाकीत पडून राहिलेल्या पेट्रोलवर लांबच्या राइडला निघू नका.

उंचावर 100 ऑक्टेन हवाच का?

खरं तर उलट आहे. खारदुंग ला साडेपाच हजार मीटरच्या आसपास आहे. तिथे हवेचा दाब समुद्रसपाटीच्या जवळपास निम्मा असतो. सिलेंडरमध्येही दाब कमी होतो आणि नॉकिंगची शक्यता घटते. बाइक दमते ती ऑक्सिजन कमी असल्यामुळे. लिटरला दीडशे रुपयांच्या वर मोजून घेतलेलं 100 ऑक्टेन पेट्रोल तो ऑक्सिजन भरून काढू शकत नाही.

नॉकिंगचा धोका जास्त कुठे? एप्रिल-मेच्या उन्हात, डबल सीट आणि भरपूर सामान घेऊन वरच्या गिअरमध्ये ताम्हिणी चढताना. तिथे पहिला उपाय एकच, गिअर खाली घ्या.

सामान: खरा धोका इथे आहे

प्रत्येक बाइकची वजन वाहण्याची मर्यादा मॅन्युअलमध्ये दिलेली असते. त्यात चालवणारा, मागे बसणारा, सामान आणि बाहेरून बसवलेला रॅक असं सगळं येतं. समजा मर्यादा 180 किलो आहे. जॅकेट-हेल्मेटसह चालवणारा 85, मागे बसणारा 65. उरले 30. रॅक आणि साइड बॉक्सचे 12 गेले, तर सामानासाठी फक्त 18 किलो राहतात.

बांधताना हे लक्षात ठेवा:

- टूलकिट, पाणी, सुटे भाग असं जड सामान खाली आणि शक्य तितकं पुढे. मागच्या चाकाच्या मागे वजन गेलं की पुढचं चाक हलकं होतं आणि हँडल डगमगू लागतं.
- टॉप बॉक्समध्ये हलक्या वस्तूच ठेवा. बॉक्स आणि रॅक दोन्हींवर वजनाची मर्यादा दिलेली असते, त्यातली कमी असेल ती पाळा.
- दोन्ही बाजूंचं वजन सारखं हवं.
- फक्त बंजी कॉर्डवर विसंबू नका, बकलचे पट्टे वापरा. मोकळं टोक चेनमध्ये किंवा चाकात अडकलं तर मागचं चाक जागीच जाम होऊ शकतं.
- बॅग सायलेन्सरला टेकता कामा नये. नंबर प्लेट, टेललाइट आणि इंडिकेटर झाकू नका.
- मॅन्युअलमधल्या लोडच्या आकड्याप्रमाणे टायरमध्ये हवा भरा, मागचा सस्पेन्शन प्रीलोड वाढवा. पहिल्या 50-100 किलोमीटरनंतर पट्टे आणि रॅकचे बोल्ट पुन्हा आवळा.

पेट्रोलमध्ये इथेनॉल किती असावं, हे सामान्य बायकरच्या हातात नाही. जुन्या बाइकवाल्यांना पंपावर पर्याय मिळावा का, ही चर्चा सुरूच राहील. पण मागे किती वजन बांधायचं आणि कुठे, हे पूर्णपणे त्याच्याच हातात आहे. पेट्रोल चुकलं तर बहुतेक वेळा खर्च वाढतो. सामान चुकलं तर वळणावर सावरायला दुसरी संधी मिळेलच असं नाही.