न फुललेला गुलमोहर

वैशाखांत मुलुंडचे सारे गुलमोहर लाल झाले, तरी आमच्या आवारांतलें एक झाड हिरवेंच राहिलें. तीन वर्षें हाच प्रकार. "वांझ गुलमोहर, तोडून टाका," असें रहिवाशांच्या बैठकींत ठरत आलें होतें. आमच्या वहिनी तेवढ्या म्हणाल्या, "पावसाळा तर जाऊं द्या!"

आश्विनांत त्या झाडाला हातभर लांब, नारिंगी कळ्यांचे घोस लोंबूं लागले. तो गुलमोहर नव्हताच. तो होता कोल्व्हिलिया. पानें थेट गुलमोहरासारखीं, कूळहि शेंगांचेंच. पण गुलमोहराचीं फुलें पसरून उमलतात. ह्याच्या गोल कळ्या द्राक्षांसारख्या दाटीनें लागतात, त्याहि पाऊस सरतांना. दोघांचें माहेर मादागास्कर बेट. मात्र गुलमोहराचे भाऊबंद आफ्रिकेंतहि आढळतात. कोल्व्हिलियाच्या प्रजातींत ही एकच जाति, आणि त्या एका बेटावांचून तिला रानांत दुसरें घर नाहीं. वेंझेल बोयर ह्या वनस्पतिशास्त्रज्ञानें मॉरिशसचे गव्हर्नर सर चार्ल्स कोल्व्हिल ह्यांचें नांव तिला दिलें. १८३४ सालीं तिचें वर्णन प्रसिद्ध झालें.

मुंबईंत झाड तोडावयास १९७५ च्या कायद्यान्वयें परवानगी लागते. परंतु अर्ज लिहिण्यापूर्वीं, वाचकहो, स्वतःला एवढेंच विचारावें: ह्याची वेळ आपण पाहिली आहे काय? शेजारचें मूल आधीं चमकलें म्हणून आपल्या मुलाला 'मंद' ठरवितांनाहि हाच प्रश्न विचारलेला बरा.