करंटचा शेक घेताय? आधी कातडी तपासा

मिरचीचा हंगाम आला की नंदुरबारच्या पथाऱ्यांवर बायका दिवसभर बसून देठ खुडतात. संध्याकाळी कंबर धरते. गुजरातेतून ऊसतोड करून परतलेल्यांचे खांदे भरून येतात. मग कुणाच्या तरी घरी ती छोटी मशीन येते. दोन वायरी, चिकट पट्ट्या आणि करंट वाढवायचं बटण. डॉक्टर तिला टेन्स म्हणतात.

मशीन वाईट नाही. वापरायची रीत मात्र विकणारा सहसा सांगत नाही.

आपल्या कातडीत स्पर्श कळवणाऱ्या जाड नसा असतात आणि दुखणं कळवणाऱ्या बारीक. जाड नसा थोड्या करंटने जाग्या होतात, बारीक नसांना जास्त लागतो. जाड नसांचा निरोप दुखण्याच्या निरोपाला पाठीच्या कण्यातच अडवतो. ठेच लागल्यावर आपण बोट चोळतो ना, तसंच हे. मेल्झॅक आणि वॉल या दोन शास्त्रज्ञांनी 1965 मध्ये ही गोष्ट मांडली, आणि त्यातून ही यंत्रं पुढे आली.

म्हणून बटण हळूहळू फिरवा. मुंग्या आल्यासारखं वाटलं की थांबा. चटके बसू लागले, तर तुम्ही दुखण्याच्या नसाच पेटवल्यात. ‘जेवढा जोर, तेवढा गुण’ हे डोक्यातून काढून टाका. वीस-तीस मिनिटं पुरे. सगळ्यांनाच गुण येतो असंही नाही, आणि आला तरी बऱ्याचदा तो तात्पुरता असतो.

आता खरी काळजी. काहीच जाणवत नाही म्हणून बटण वाढवत नेऊ नका.

जुन्या मधुमेहात तळपाय बधिर होतात. कुष्ठरोगाच्या चट्ट्यावर स्पर्श कळत नाही. अशा जागी कातडी भाजली तरी तुम्हाला पत्ता लागत नाही. पट्टी लावण्याआधी डोळे मिटा आणि घरातल्या कुणाला तिथे कापूस फिरवायला सांगा. मग काडीचं बोथट टोक टेकवायला सांगा. दुसऱ्या बाजूलाही तसंच करा. दोन्हीकडे सारखं कळलं नाही, तर मशीन बाजूला ठेवा.

अंगावर फिका किंवा लालसर, बधिर चट्टा दिसला तर आशाताईंना दाखवा. लाजू नका. कुष्ठरोगाचं औषध सरकारी दवाखान्यात फुकट मिळतं. सहा महिने किंवा वर्षभर नेमानं घेतलं की रोग बरा होतो. उशीर केला तर हात-पाय वाकडे होतात.

पथारीवरच्या बायांना आणखी एक सांगणं. तिखटाने हाताची आग होते, तीही याच बारीक नसांमुळे. नस गरम चटका ज्या दारातून ओळखते, तिखटही त्याच दारातून शिरतं. हे दार शोधणाऱ्या डेव्हिड ज्युलियस यांना 2021 चं नोबेल मिळालं. नुसत्या पाण्याने तिखट नीट सुटत नाही. आधी हाताला तेल चोळा, मग साबणाने धुवा. हात डोळ्याला लावू नका. आग थांबेपर्यंत त्या कातडीवर पट्टीही नको.

छातीत पेसमेकर असेल, फिट येत असतील किंवा दिवस गेलेले असतील तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय मशीन लावूच नका. गळ्याच्या पुढच्या बाजूला, छातीवर, डोळ्यांजवळ आणि जखमेवर पट्टी नको. चार्जिंगला लावलेली मशीन अंगाला लावू नका. झोपताना काढून ठेवा. आणि घरच्या लाइटच्या वायरीला हात घालून असं काही बनवायचा खटाटोप तर कुणीच करू नका. त्याने जीव जातो.

आपल्या जिल्ह्यात भिल्ल, पावरा घरांमध्ये सिकलसेल हा रक्ताचा आजार बराच आहे. त्या रुग्णाचे हात-पाय, पाठ ठणकू लागली तर ते दुखणं कातडीचं नसतं. आत रक्त अडकलेलं असतं. तिथे करंट लावत बसू नका. पाणी पाजा, अंगावर पांघरूण घाला आणि दवाखान्यात न्या. ताप, छातीत दुखणं किंवा धाप असेल तर सकाळची वाट पाहू नका, तेव्हाच 108 ला फोन करा. धडगाव, अक्कलकुव्याच्या पाड्यांवर गाडी पोचायला वेळ लागतो, हे धरून लवकर निघा.