दबोरा कुणाची कोण?

बाईची ओळख करून देताना ‘ही कुणाची कोण’ हे आधी सांगायची सवय किती जुनी आहे, हे पाहायचं तर ‘दबोरा’ या हिब्रू नावाकडे पाहावं. अर्थ साधा आहे : मधमाशी. बायबलातल्या ‘शास्ते’ या पुस्तकातली दबोरा संदेष्टी होती आणि न्यायनिवाडाही करत होती. एफ्राइमच्या डोंगराळ मुलखात, रामा आणि बेथेल यांच्यामध्ये एका खजुरीच्या झाडाखाली ती बसे आणि लोक आपले तंटे घेऊन तिच्याकडे येत. त्या पुस्तकातल्या शास्त्यांमध्ये बाई ही एकटीच. बाराकला तिने लढाईवर जायला सांगितलं, तर तू बरोबर आलीस तरच जाईन, असा त्याचा हट्ट. ती गेली.

आता तिची ओळख बघा. मूळ शब्द आहेत ‘एशेत लप्पीदोथ’. ‘एशेत’ म्हणजे अमक्याची बायको, किंवा अमक्या गुणाची बाई. ‘लप्पीदोथ’ म्हणजे मशाली. मशालींची बाई, धगधगती बाई, हा अर्थही व्याकरणाला चालतो. पण बहुतेक भाषांतरकारांनी लप्पीदोथ नावाचा नवरा धरला. मराठी बायबलातही ती त्याची बायकोच आहे. या नवऱ्याचा पुढे कथेत पत्ता नाही! ‘नीतिसूत्रे’मध्ये ‘एशेत हाइल’ असे शब्द येतात. तिथे हाइल नावाचा नवरा कुणी शोधत बसलं नाही. सद्गुणी, कर्तबगार स्त्री असा अर्थ सरळ लावला. लप्पीदोथ नावाचा नवरा असेलही, माझं त्याच्याशी भांडण नाही. दोन वाटा मोकळ्या असताना पाय नेमके एकाच वाटेने का वळतात, एवढंच मी विचारते.

तालमूदमध्ये तिला सात संदेष्ट्यांत मानाने गणलं आहे, आणि लगेच पुढे एका रब्बींचं मत दिलं आहे की ताठा बाईला शोभत नाही. दोन ताठर बायका होऊन गेल्या आणि दोघींची नावंही ओंगळ, एक माशी (दबोरा) आणि दुसरी मुंगसासारखं जनावर (हुल्दा). दबोराचा गुन्हा काय, तर बाराककडे स्वतः न जाता तिने त्याला बोलावणं धाडलं. पुरुष न्यायाधीशाने बोलावणं धाडलं असतं तर त्याला ताठा म्हटलं असतं का?

पुढे इंग्लंड-अमेरिकेतल्या प्युरिटन घरांत हे नाव मुलींना आवडीने ठेवलं गेलं. त्यातलीच एक अमेरिकेतली दबोरा सॅम्सन. १७८२ मध्ये तिला फौजेत शिरायचं होतं, तेव्हा तिला हे नाव टाकून रॉबर्ट शर्टलिफ व्हावं लागलं.

बायकांचे अर्ज भरून देताना मला ‘एशेत’ हा शब्द हटकून आठवतो. १ मे २०२४ पासून जन्मलेल्या मुलांच्या सरकारी कागदांवर आईचं नाव लावणं महाराष्ट्रात बंधनकारक झालं, हे उत्तमच. त्याच निर्णयात विवाहितेसाठी मात्र तिचं नाव, मग नवऱ्याचं, मग आडनाव ही जुनीच रीत चालू ठेवली. समोर बसलेली परित्यक्ता मधलं नाव सांगते, मी लिहिते. तो माणूस आज कुठे आहे, हे पुष्कळदा तिलाही ठाऊक नसतं.