पट्टीएवढ्या पडद्याचे अर्थकारण

खालापूर तालुक्यातील लोधिवली हे गाव मुंबई–पुणे जुन्या महामार्गावर, चौकच्या परिसरात वसले आहे. एका अंगाला पाताळगंगेचे औद्योगिक क्षेत्र, थोड्या अंतरावर रसायनी, गावात धीरूभाई अंबानींच्या नावाचे रुग्णालय आणि चौकवरून जाणारा पनवेल–कर्जत लोहमार्ग, असा हा टापू आहे. १९८२ साली पाताळगंगेला रिलायन्सचा पॉलिएस्टर धाग्याचा कारखाना सुरू झाला, त्या काळी यंत्राची प्रकृती कामगाराला कळे ती काट्यांच्या तबकड्यांवरून आणि लाल-हिरव्या दिव्यांवरून. आज ते काम पडदा करतो. कारखान्यातील नियंत्रकपेटीवर पडदा आहे, रुग्णालयात औषधाचे थेंब मोजणाऱ्या पंपावर पडदा आहे, उद्वाहनाच्या दाराशी आणि मेट्रोच्या डब्यात दारावरच्या पट्टीतही पडदाच आहे.

यांपैकी पुष्कळ पडदे नेहमीच्या दूरचित्रवाणी संचाच्या प्रमाणाचे नसतात. दारावरची जागा लांब आणि अरुंद, तसा पडदाही लांब आणि अरुंद लागतो. बाजारात त्याला ‘स्ट्रेच्ड डिस्प्ले’ म्हणतात. मराठीत पट्टीपडदा म्हणावे. वस्तू क्षुल्लक दिसते. परंतु ती कोणाकडून, किती आणि कोणत्या अटींवर विकत घ्यावी, या प्रश्नात भारतीय उद्योगाच्या परावलंबनाची सारी कहाणी सामावलेली आहे, आणि त्या परावलंबनाची किंमत अखेरीस लहान कारखानदार, कामगार व प्रवासी हेच मोजतात.

प्रथम हा पडदा होतो कसा ते पाहिले पाहिजे. एलसीडी म्हणजे दोन पातळ काचा आणि त्यांच्यामधील काही सहस्रांश मिलिमीटरच्या फटीत भरलेला द्रवस्फटिक. या काचा सुट्या सुट्या बनत नाहीत. एका अजस्र काचेवर अनेक पडदे एकदम उतरवले जातात आणि मग कापून वेगळे केले जातात. आजच्या सर्वांत मोठ्या कारखान्यांत ही मूळ काच सुमारे २.९४ मीटर रुंद आणि ३.३७ मीटर लांब असते. असा कारखाना दूरचित्रवाणीच्या ठरावीक मापांसाठी आखलेला असतो. लांबट पडदा हवा असेल तर दोनच वाटा उरतात. पहिली, त्या मापासाठी स्वतंत्र साचे व छायापट तयार करून मूळ काचेवरच तो आकार उतरवणे. दुसरी, तयार झालेला मोठा पडदा आडवा कापून त्याची पट्टी काढणे. दुसऱ्या वाटेत कापलेली कड उघडी पडते, ती पुन्हा चिकटद्रव्याने बंद करावी लागते, आणि विद्युत्-मंडल ज्या कडेवर आहे ती कड अबाधित ठेवावी लागते. ही नवी कड नीट बंद झाली नसेल तर सह्याद्रीच्या पायथ्याचा चार महिन्यांचा दमट पावसाळा तिची परीक्षा घेतल्यावाचून राहत नाही.

पहिल्या वाटेचा पडदा अधिक टिकाऊ, पण त्याचा प्रारंभिक खर्च मोठा. येथेच अर्थशास्त्राचा साधा नियम लागू होतो. समजा, एका विशिष्ट आकारासाठी साचे, छायापट आणि चालक-कार्ड यांचा एकरकमी खर्च २० लाख रुपये आहे. एखाद्या लहान यंत्र-उत्पादकाने ५०० नग मागवले तर प्रत्येक नगावर ४,००० रुपयांचा बोजा पडतो. तोच आकार २०,००० नगांसाठी घेतला तर बोजा १०० रुपयांवर येतो. काच तीच, कारागिरी तीच. फरक पडला तो ग्राहकाच्या आकाराने. म्हणून काच बनवणारा लहान ग्राहकाशी थेट बोलतच नाही. तो किमान मागणीची अट घालतो आणि लहान उद्योजक मध्यस्थाच्या दारात जातो. मध्यस्थ कापलेली पट्टी देतो; ती कोणत्या मूळ पडद्यातून कापली, त्या पडद्याची प्रत कोणती होती, तो आणखी किती वर्षे निघणार आहे, हे बहुधा सांगत नाही.

हा शेवटचा प्रश्न सर्वांत गंभीर आहे. मुंबईच्या उपनगरी गाडीच्या डब्याचे आयुष्य रेल्वे २५ वर्षे धरते. कारखान्यातील यंत्रही पंधरा-वीस वर्षे सहज चालते. पडद्याचे विशिष्ट माप मात्र दूरचित्रवाणीच्या बाजारातील फॅशनबरोबर काही वर्षांतच बंद होते. उत्पादक सूचना काढतो की अमुक तारखेपर्यंत शेवटची मागणी नोंदवा. मोठा ग्राहक पुढील दहा वर्षांचा साठा भरून ठेवतो. लहानाजवळ एवढे भांडवल नसते. मग धडधाकट यंत्र केवळ हातभर पट्टीसाठी बंद पडते. नवा पडदा मिळाला तरी तो जुन्या चौकटीत बसत नाही, जुनी चालक-कार्डे त्याला चालत नाहीत, आणि त्या कार्डाचा आराखडा विक्रेत्याच्या कुलपात असतो. यंत्र बंद पडले की ठेकेदारीवरील कामगाराची पाळीही बुडते. पडद्याच्या आयातीचे आकडे प्रसिद्ध होतात; या बुडालेल्या पाळ्यांची नोंद कोठेही होत नाही.

चीनचा माल स्वस्त आहे म्हणून तो येतो, असे सांगून हा विषय मिटवला जातो. पण तो स्वस्त का झाला? बीओई या चिनी कंपनीने २००३ मध्ये कोरियातील ह्युंदाई समूहाचा एलसीडी व्यवसाय विकत घेतला आणि ज्ञान घरी आणले. पुढे २००८ च्या सुमारास हेफे शहराच्या प्रशासनाने सार्वजनिक पैसा घालून तिचा मोठा कारखाना आपल्याकडे उभारून घेतला. तोट्याची वर्षे सरकारी भांडवलाने सोसली. स्पर्धा इतकी तीव्र झाली की सॅमसंगने २०२२ मध्ये एलसीडीचे उत्पादन थांबवले आणि जपानमधील शार्पच्या साकाई येथील प्रचंड कारखान्याने २०२४ मध्ये मोठ्या पडद्यांचे उत्पादन बंद केले. मुक्त बाजारपेठेचे गोडवे गाणाऱ्यांनी हे लक्षात घ्यावे की ही बाजी बाजारपेठेने जिंकलेली नाही. दीर्घकाळ धीर धरणाऱ्या सार्वजनिक भांडवलाने ती जिंकली. आता जगातील बहुसंख्य काच एकाच देशातून येते, आणि जेथे मक्तेदारी होते तेथे अटी मक्तेदाराच्या असतात.

महाराष्ट्राने या काळात काय केले? औरंगाबादच्या व्हिडिओकॉनने २००५ मध्ये फ्रान्सच्या थॉमसन कंपनीचे चित्रनलिकांचे कारखाने विकत घेतले. जग चित्रनलिका सोडून सपाट पडद्याकडे वळत असतानाच हा व्यवहार झाला, आणि २०१८ मध्ये कंपनीचे प्रकरण दिवाळखोरीच्या न्यायाधिकरणापुढे गेले. खासगी भांडवल दूरदर्शी असते आणि सार्वजनिक क्षेत्र आंधळे, या समजुतीला याहून स्पष्ट उत्तर नाही.

त्यानंतरचा काळ सामंजस्य करारांचा. २०१६ मध्ये नागपूरजवळच्या बुटीबोरीत वेदान्त समूहाशी संबंधित ट्विनस्टार कंपनीचा एलसीडी काचेचा कारखाना होणार, असा करार झाला. कारखाना उभा राहिला नाही. २०२२ मध्ये वेदान्त आणि फॉक्सकॉन यांचा १ लाख ५४ हजार कोटी रुपयांचा प्रकल्प तळेगावला येणार की गुजरातेत जाणार, यावर महाराष्ट्रात रणकंदन झाले. त्यातील निम्म्याहून अधिक रक्कम पडद्यांच्या कारखान्यासाठी होती. प्रकल्प गुजरातेत गेला आणि जुलै २०२३ मध्ये फॉक्सकॉन त्यातून बाहेर पडली. दोन राज्ये ज्या कारखान्यासाठी भांडली तो कोणालाच मिळाला नाही. या भांडणात एक साधा प्रश्न कोणी विचारला नाही: काच आली असती तरी खालापूरच्या लहान उद्योजकाला ५०० पट्ट्या कोणी कापून दिल्या असत्या?

विद्येचा दुष्काळ होता असेही नाही. बंगळूरच्या रामन संशोधन संस्थेत शिवरामकृष्ण चंद्रशेखर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९७७ मध्ये चकतीच्या आकाराच्या रेणूंचे द्रवस्फटिक शोधून काढले आणि जगातील या शाखेत नवे दालन उघडले. द्रवस्फटिक ही मुळात सेंद्रिय रसायनाची शाखा आहे. इंग्लंडमध्ये हल येथे जॉर्ज ग्रे यांनी १९७३ मध्ये सामान्य तापमानाला टिकणारी संयुगे तयार केली, म्हणूनच घड्याळे आणि गणकयंत्रे यांचे पडदे व्यवहारात आले. लोधिवलीपासून जवळच, रसायनीला, १९६० साली स्थापन झालेल्या हिंदुस्तान ऑरगॅनिक केमिकल्सचा कारखाना होता. रंग आणि औषधे यांना लागणारी मूलद्रव्ये परदेशातून आणावी लागू नयेत, हा त्यामागचा उद्देश. २०१७ मध्ये केंद्र सरकारने रॉकेटसाठी लागणाऱ्या द्रव्याचा एक विभाग वगळता तेथील उत्पादन बंद करण्यास मंजुरी दिली. बंगळूरला विद्या होती आणि रसायनीला सेंद्रिय रसायनांचा कारखाना होता. या दोहोंना जोडणारी स्थिर मागणी मात्र कोणी निर्माण केली नाही.

मागणी हीच उद्योगाची शाळा असते, आणि या देशात पट्टीपडद्याचा सर्वांत मोठा संभाव्य ग्राहक सरकारच आहे. रेल्वे, मेट्रो महामंडळे, एसटी, सरकारी रुग्णालये आणि महानगरपालिका यांना हेच पडदे लागतात. पण प्रत्येक संस्था वेगळी निविदा काढते, प्रत्येक निविदेत वेगळे माप असते, आणि माप बहुधा विक्रेत्याच्या माहितीपत्रकातून उतरवलेले असते. अशा रीतीने सार्वजनिक ग्राहक स्वतःचे सामर्थ्य स्वतःच्या हाताने फोडतो. महामार्गावरील एलईडी फलक पाहावेत. ते लहान, ठरावीक मापाच्या फरशा जोडून केलेले असतात. एक फरशी जळली तर ती एकटी बदलता येते. एलसीडी अशी तुकड्यांत जोडता येत नाही. म्हणूनच तिच्या बाबतीत मापाची शिस्त अधिक आवश्यक आहे.

उपाय अवघड नाहीत. सर्व सार्वजनिक संस्थांनी मिळून चार-पाचच मापे निश्चित करावीत. डब्यांच्या व इंजिनांच्या रचनेसाठी १९५७ पासून लखनौला रेल्वेची मानक संघटना आहे. हे काम तिच्या आवाक्याबाहेरचे नाही. मागणी एकत्र करून पाच वर्षांचा करार करावा, आणि त्यात सुट्या भागांची किमान दहा वर्षांची हमी, मूळ पडदा बंद होण्याची आगाऊ सूचना, तसेच चालक-कार्डाचे आराखडे सार्वजनिक संस्थेकडे जमा करण्याची अट असावी. त्याच मापांची दारे लहान उद्योजकांनाही खुली ठेवावीत, म्हणजे ५०० नगांच्या ग्राहकालाही २०,००० नगांचा भाव मिळेल.

काच बाहेरून आली तरी तिच्यामागचा प्रकाशपट, चालक-कार्ड, चौकट आणि जलरोधक जोडणी ही कामे येथे होऊ शकतात. तिरुपतीजवळ चिनी टीसीएल समूहाने पडद्यांच्या जोडणीचा कारखाना घातलाच आहे. परकीय कंपनीला जे येथे परवडते ते पाताळगंगेतील कारखान्यांच्या संघाला किंवा सहकारी संस्थेला का परवडू नये? १९८४ मध्ये स्थापन झालेल्या सी-डॉटने खेड्यांसाठी लहान टेलिफोन केंद्राचा आराखडा देशातच तयार केला आणि तो अनेक उत्पादकांना दिला. आराखडा सार्वजनिक आणि उत्पादक अनेक, हे सूत्र तेव्हा यशस्वी झाले होते.

यावर दोन आक्षेप येतील. पहिला असा की, मापे ठरवून देणे म्हणजे परवानाराज. पण रुळांचे अंतर १,६७६ मिलिमीटर ठरवले म्हणून रेल्वेची प्रगती थांबली असे कोणी म्हणत नाही. दुसरा आक्षेप असा की, २०१७ च्या आदेशानुसार सरकारी खरेदीत देशी मालाला प्राधान्य आहेच. प्राधान्य आहे, पण ते मूल्याच्या टक्केवारीने मोजले जाते. पेटी, तारा आणि नफा मिळून निम्मे मूल्य देशी ठरू शकते, आणि ज्या पट्टीवाचून पेटी निरुपयोगी तिचे नियंत्रण परक्या हाती राहू शकते. टक्केवारीने हिशेब जुळतो. दुरुस्तीचा अधिकार मिळत नाही.

मुंबई नागरी वाहतूक प्रकल्पाच्या तिसऱ्या टप्प्यात पनवेल ते कर्जत हा २९.६ किलोमीटरचा दुहेरी उपनगरी मार्ग २०१६ मध्ये मंजूर झाला. चिखले, मोहोपे आणि चौक येथून लोकलने मुंबई गाठता यावी, हा त्याचा हेतू. अशा प्रत्येक मार्गावर गाडीची वेळ सांगणारे पडदे वर्षानुवर्षे लागत राहतील आणि बिघडतही राहतील. त्यांच्या निविदांत भाव, आकार आणि चकचकीतपणा यांच्या रकाना असतीलच. हा पडदा बिघडला तर दहा वर्षांनी तो कोण, कोठे आणि कोणत्या आराखड्यावरून दुरुस्त करील, हा रकाना मात्र लोकप्रतिनिधींनी, कामगार संघटनांनी आणि प्रवासी संघांनी आग्रहाने मागून घेतला पाहिजे. तो कोरा असलेली निविदा कितीही स्वस्त दिसली तरी जनतेला महागच पडणार आहे.