बोरीची छाटणी, फोटोची छाटणी

पौष लागला की बोरी लगडतात. संक्रांतीच्या सुगडात बोरं हवीतच, आणि पुढं रथसप्तमीपर्यंत कुणा ना कुणाच्या घरी लहानग्याचं बोरन्हाण असतं. हल्ली घरोघरी मोबाईल आले, त्यामुळे बोरांचे फोटोही निघतात. पण पुष्कळांची तक्रार एकच. डोळ्यांना झाड इतकं सुरेख दिसलं, मग फोटोत बोरं शोधावी का लागतात?

परवा संक्रांतीला मी नवी मुंबईतल्या बोनकोड्याला गेलो होतो. माझी चुलत बहीण तिथं दिलेली आहे. १९७० साली सिडको स्थापन झाली आणि नव्या शहरासाठी ९५ गावांच्या जमिनी घेण्यात आल्या, त्यांतलंच हे एक गाव. भातखाचरांच्या जागी इमारती आल्या, मधे जुनं गावठाण तेवढं राहिलं. बहिणीच्या घरामागं एक जुनी बोर आहे. येत्या उन्हाळ्यात घर पाडून नवं बांधायचं आहे, त्यात ती बोर जाणार. म्हणून भाचीनं तिचे फोटो काढायला घेतले होते.

पहिल्या फोटोत सगळंच होतं. झाड, पाण्याची टाकी, वाळत घातलेले कपडे, मागची इमारत. बोरं मात्र मोहरीएवढी! मी म्हटलं, "अगं, छाटणी कर." मोबाईलवर त्याला 'क्रॉप' म्हणतात. आपल्याकडे क्रॉप म्हणजे पीक, इथं मात्र ती कापणी.

बोरीला फळ येतं ते नव्या फुटीवर. म्हणून बहार संपला की उन्हाळ्यात आपण तिची छाटणी करतो. कुठली फांदी राखायची हे आधी ठरवतो, मग कोयता चालवतो. फोटोचंही तसंच आहे. काय दाखवायचं ते आधी ठरवा, मग कापा.

कापताना एवढं पाहा. कडेला आभाळाचा पांढरा तुकडा असेल तर तो आधी काढा, कारण नजर उजेडाकडे धावते. बोरीचं पान पाठीमागून पांढरट असतं, तेही कडेला चमकत असेल तर नको. एखादं बोर कडेवर अर्धं कापलं जात असेल, तर ते पूर्ण आत घ्या नाहीतर पूर्ण बाहेर ठेवा. घोस अगदी मधोमध नको, थोडा एका बाजूला बरा दिसतो. फांदी जिकडे झुकली असेल तिकडे जागा मोकळी ठेवा. लोंबती फांदी असेल तर फोटो उभा कापा, पसरलेली असेल तर आडवा.

छापील फोटो असेल तर जुन्या लग्नपत्रिकेतून सुताराच्या गुण्यासारख्या दोन पट्ट्या कापा. त्या फोटोवर समोरासमोर ठेवून मागंपुढं सरकवा. कात्री न लावता कुठली चौकट बरी ते कळतं.

पण छाटणीवर फार विसंबू नका. १२ मेगापिक्सेलच्या फोटोत आडवे ४००० आणि उभे ३००० ठिपके असतात, म्हणजे एकूण १ कोटी २० लाख. रुंदी निम्मी आणि उंची निम्मी केली की ३० लाखच उरतात. ६ बाय ४ इंचांच्या छपाईला ते पुरतात, पण त्याहून बारीक तुकडा मोठा करून छापला तर चित्र फाटतं. म्हणून काट्यांतून जपून जवळ जा, पडद्यावर बोरावर बोट टेकवा, वारा थांबू द्या आणि सकाळच्या कोवळ्या उन्हात फोटो घ्या. भर दुपारी बोराच्या सालीवर पांढरा डाग चमकतो.

भाचीनं छाटून छाटून तीनच बोरं ठेवली. एक हिरवं, एक पिवळं, एक तांबूस. फोटो खरोखर देखणा झाला. तिनं तो आजीला दाखवला. आजी म्हणाल्या, "बोरं बरी दिसतान गो, पन ती आपल्या दारातली कशावरून?"

आम्ही दोघं गप्प. मग मूळ फोटो पुन्हा काढला आणि थोडा सैल कापला. टाकी आणि कपडे गेले. फांदी, बोरं आणि मागच्या दाराची जुनी पायरी राहिली. तोच फोटो आता छापून घ्यायचा आहे.

हे जमलं, कारण मूळ फोटो शिल्लक होता. मी स्वतः एकदा चुकलो आहे. वडिलांचा खळ्यावरचा फोटो होता. चेहरा मोठा दिसावा म्हणून तो छाटला आणि त्याच जागी जतन केला. चेहरा आला, पण शेजारची बैलजोडी गेली. आता वडीलही नाहीत आणि बैलही नाहीत. बोरीला पुन्हा फूट येते, फोटोला येत नाही. तेव्हा आधी दुसरी प्रत काढा आणि कात्री त्या प्रतीला लावा.

आणखी एक. बोरांवर भुरी दिसली आणि सहाय्यक कृषी अधिकाऱ्यांना फोटो पाठवायचा असेल, तर नुसतं बोर कापून पाठवू नका. एक फोटो जवळून, एक फांदीचा, एक पुऱ्या झाडाचा पाठवा. तिथं देखणेपणापेक्षा सगळं दिसणं महत्त्वाचं.

बोरं अजून झाडावर आहेत तोवर बघा करून. आणि परसातली एखादी बोर या साली जाणार असेल, तर आजच.